बुद्धी चार, बटणं मूठभर

लाँड्रीवाल्या बाईंना किळस नावाची गोष्ट ठाऊकच नाही, असं सगळी गल्ली म्हणायची. आणि त्यात खोटं काही नव्हतं. लोक काय काय आणून आपटतात लाँड्रीच्या काउंटरवर! उलटीने माखलेल्या चादरी, मासळीच्या पाण्यात भिजलेले कोट, आजारी माणसाच्या अंगाखालची दुपटी. एकाने तर सदऱ्याच्या खिशात मेलेली पाल आणली होती आणि वर बाईंनाच विचारलं होतं की ही तुमच्याकडची तर नाही ना. बाईंनी पाल चिमट्याने उचलून कचऱ्यात टाकली, हात धुतले आणि शांतपणे चहा प्यायला.

त्याच बाईंना एका सुट्टीच्या दुपारी अशी किळस आली की हातातला चहा त्यांनी मोरीत ओतला. आणि समोर होतं काय? एक स्वच्छ आंघोळ केलेला माणूस, अंगात बाईंनीच धुतलेला आणि बाईंनीच इस्त्री केलेला सदरा. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचा मालक. त्याने जीभ बाहेर काढली होती, मान खांद्यावर टाकली होती आणि ओठाच्या कोपऱ्यातून तो मुद्दाम, मेहनत घेऊन, लाळ गाळत होता.

पण हे असं मधूनच सांगितलं तर कुणाला काय कळणार? आधी बाईंचं सांगायला हवं.

लाँड्री मूळची त्यांच्या आईची. आई गेली तेव्हा दोन गोष्टी बाईंच्या हवाली करून गेली, दुकानाची किल्ली आणि दादा. दादा बाईंपेक्षा चांगला मोठा, केस पिकलेला, पण डोकं जन्मापासूनच सावकाश चालणारं. वाचता येत नाही, घड्याळ अर्धंच कळतं, पाच कामं एकदम सांगितली की पहिलं आणि शेवटचं लक्षात राहतं. बोलणंही तसंच. शब्द सापडेपर्यंत तो थांबायचा, हनुवटी खाजवायचा, आणि सापडला की मगच पुढे जायचा. आई म्हणायची, त्याला ढकलू नकोस, तो पोचतो. बाईंनी आईचं बाकी काही ऐकलं नाही, एवढं ऐकलं. लग्नाची दोन स्थळं आली होती. दोघांनीही "दादाचं काय करायचं?" असं विचारलं, जुन्या कपाटाचं काय करायचं विचारतात तसं. बाईंनी दोघांनाही चहा पाजला आणि वाटेला लावलं.

म्हणून दादा कुणी देवमाणूस होता असं समजू नका. बाईंच्या वाटणीची बिस्किटं खाऊन मांजरावर ढकलायचा, आणि घरात मांजर नव्हतं. कोरड्या ठणठणीत पायांनी समोर उभा राहून "पाय धुतले" म्हणून सांगायचा. गल्लीत चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या चष्मेवाल्याने कधी काळी त्याला "बाळा" म्हटलं होतं, ते त्याने मनात धरून ठेवलं होतं आणि चष्मेवाल्याच्या कपड्यांची घडी तो आजतागायत वाकडी घालायचा. बटणं लावायला मात्र हात बरा. सुटी बटणं ठेवायचा पत्र्याचा डबा त्याच्या ताब्यात असायचा, म्हणून गल्लीत त्याचं नाव बटणदादा.

आता खेळाचं. शाळेतले ड्रॉइंगमास्तर रंगाने बरबटलेले सदरे घेऊन यायचे, त्यांना या खेळाचं वेड. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, त्याचं बळ किती, चपळाई किती, बुद्धी किती ते फासे टाकून कागदावर लिहायचं, आणि मग बोलत बोलत सगळ्यांनी मिळून एक गोष्ट पुढे न्यायची. मास्तर सूत्रधार, म्हणजे डोंगर, किल्ले, राक्षस, पहारेकरी सगळं त्यांच्या तोंडून. जोडीला औषधवाला जादूगार आणि चष्मेवाला शिपाई. त्यांना मोठं टेबल हवं होतं आणि बाईंच्या मागच्या खोलीत इस्त्रीचं टेबल होतं, चार माणसं आडवी झोपतील एवढं. बाई आधी म्हणाल्या, घोडे झालात सगळे आणि खेळताय काय! मग एकदा बसल्या आणि चटक लागली. त्यांचं पात्र म्हणजे चिमटी नावाची चोरटी. दिवसभर गिऱ्हाइकाला "हा डाग जाणार नाही" असं खरं खरं सांगून तोंड आंबलेल्या बाईंना इथे पोटभर खोटं बोलता यायचं.

मास्तरांनी एक प्रथा पाडली होती. ज्याने आपलं पात्र झकास वठवलं त्याला एक बटण, आणि बटण परत केलं की वाईट पडलेला फासा पुन्हा टाकता यायचा. बटणं दादाच्या डब्यातली, तेव्हा वाटायचं कामही दादाचं. तो स्टुलावर बसून सगळी गोष्ट ऐकायचा. मास्तर म्हणाले, "दादा, एक बटण," की डब्यात बोट फिरवून, मनासारखं एक निवडून, त्या माणसापुढे ठेवायचा. त्याचा तो मोठा मान होता.

तर औषधवाल्याचा जादूगार एकदा दरीत पडून मेला. कुणाचंही न ऐकता पूल ओलांडायला गेला, दुसरं काय. नव्या पात्रासाठी फासे टाकले तर बळ पडलं अठरा, त्याहून जास्त पडतच नाही, आणि बुद्धी पडली चार. औषधवाला खूश. पात्राचं नाव ठेवलं ढोल्या. आणि लगेच जीभ बाहेर आली, मान पडली, लाळ सुटली आणि तोंडातून निघालं, "ढोऽऽल्याला भूऽऽक लाऽऽगली."

चष्मेवाला हसून हसून टेबलावर पडला. मास्तर डोळे पुसत म्हणाले, दादा, एक बटण दे बाबा. दादाने निवडून एक निळं बटण औषधवाल्यापुढे ठेवलं. बाईंनी दादाकडे पाहिलं. तो हसत होता, सगळ्यांत मोठ्याने. ज्याला झोंबायला हवं तोच हसतोय म्हटल्यावर आपण कोण बोलणार, असं त्यांना वाटलं. चहा मोरीत गेला तो तेव्हा.

पुढच्या खेपांना ढोल्या वाढत गेला. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, असं लोक म्हणतात, इथे तर जीभ टाळ्याला लागायलाच तयार नव्हती. ढोल्या भिंतीला धडकायचा, शेण खायचा, शत्रूला सोडून स्वतःच्याच पायावर सोटा मारायचा, आणि प्रत्येक वेळी बटण. औषधवाल्यापुढे बटणांचा ढीग झाला. बाईंना त्या माणसाचा सदरा हातात धरवेना. कॉलरला साधा घामाचा डाग, पण त्यांना तो लाळेचाच दिसायचा. शी! असा चांगला शिकलेला माणूस, दिवसभर लोकांना ताप-खोकल्याची औषधं देणारा, आणि त्याच्या डोक्यात मंद माणूस म्हणजे एवढंच? गळणारं तोंड आणि भूक?

लाँड्रीत एक नियम असतो. कपडा पाण्यात टाकण्याआधी प्रत्येक खिसा उलटा करायचा, घरचा कपडा असला तरी. बाईंनी दादाची पँट घेतली, खिसा उलटा केला आणि मूठभर बटणं खळखळून फरशीवर सांडली. बाई बुचकळ्यात पडल्या. डबाच त्याचा, त्यातून चोरायचं कशाला? विचारलं तर दादाने हनुवटी खाजवली आणि नुसता गालात हसला.

उलगडा दोन दिवसांनी झाला. बाई मागे वाफेच्या इस्त्रीवर होत्या. बाहेरून आवाज आला, "शाऽऽयेब, डाऽऽग नाऽऽय गेऽऽला." बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. आता हा औषधवाला कामाच्या दिवशीही तोंड घेऊन आला का? पडदा सारून पाहिलं तर काउंटरमागे दादा. जीभ बाहेर, मान खांद्यावर, हनुवटीवरून लाळ ओघळतेय. पलीकडे एक गिऱ्हाईक पोट धरून हसतंय आणि रस्त्यावरच्या आपल्या मित्राला हाक मारतंय, अरे ये, ये, हे बघ, आणि दादाला म्हणतंय, पुन्हा म्हण की. दादाने पुन्हा म्हटलं. दोघं हसत गेले. मग दादाने बाहीने हनुवटी पुसली, डबा उघडला, बोट फिरवून एक बटण निवडलं आणि खिशात टाकलं.

बाईंना भडभडून आलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसल्या. हे कशाला करतोस, एवढंच विचारलं.

दादा बराच वेळ हनुवटी खाजवत राहिला. बाई थांबल्या.

"छोटी," तो म्हणाला, "माझं बोलणं... संपेपर्यंत कोणी थांबत नाही." मग पुढचा शब्द सापडला. "तसं बोललं की थांबतात."

खरंच होतं ते. त्यांनी हजारदा पाहिलं होतं. दादाने वाक्य सुरू केलं की गिऱ्हाईक त्याच्या डोक्यावरून बाईंकडे बघायचं. कुणी त्याचं वाक्य आपणच पुरं करायचं, आणि चुकीचं पुरं करायचं. कुणी "बरं बरं" म्हणत निघून जायचं. आणि तीच माणसं लाळेचा तमाशा बघायला मात्र रस्त्यावरून मित्राला बोलावतात. थू! त्या दिवशी बाईंना सगळ्या गल्लीचीच किळस आली. गल्लीचे कपडे पांढरे करून करून त्यांचे हात सोलपटले होते, आणि हीच ती गल्ली.

त्यांना कळत होतं की दादाचं ते थांबून, हनुवटी खाजवून बोलणं म्हणजे दादाच. ते त्याने कुणाकडून उचललेलं नव्हतं. आणि डागाची एक रीत असते, ताजा असतो तोवर निघतो, मुरला की जन्माचा. हा लाळेचा आवाज अजून थोडे दिवस त्याच्या तोंडात राहिला तर आपला दादा परत मिळायचा नाही.

सुट्टीची दुपार आली. मंडळी जमली. औषधवाल्याने बसल्या बसल्या जीभ काढली. बाईंनी इस्त्रीच्या टेबलावर हात ठेवला आणि म्हणाल्या की या टेबलावर आजपासून लाळ चालणार नाही.

औषधवाल्याला आधी ती गंमत वाटली. मग तो चिडला. खेळ आहे हा, तो म्हणाला, मी कुणा खऱ्या माणसाला हसत नाही, आणि बुद्धी चार हे काय मी ठरवलं? फाशाने ठरवलं. मग ढोल्याने काय भाषणं ठोकायची का? मास्तर मध्ये पडले, नियमाप्रमाणे त्याचं बरोबर आहे म्हणाले. चष्मेवाला चष्म्याच्या काचा पुसत बसला.

"बुद्धी चार लिहिलंय," बाई म्हणाल्या. "लाळ कुठे लिहिलीय ते दाखवा."

औषधवाल्याने खरोखरच कागद उचलून पाहिला. चार बटणं मिळवून माणूस अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला असला की असंच होतं. कागदावर बळ होतं, चपळाई होती, बुद्धी होती, सोटा होता. लाळ नव्हती. बाईंनी तो कागद त्याच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाल्या की आजचा दिवस ढोल्या मी खेळणार, तुम्ही चिमटी घ्या.

खेळ सुरू झाला. किल्ल्याचा दरवाजा, दारात पहारेकरी. सगळ्यांनी ठरवलं की आपण कापडाचे व्यापारी आहोत असं सांगायचं. बाईंचा ढोल्या साध्या आवाजात बोलत होता, बाईंच्याच. त्याने एवढंच विचारलं की आज झोपायचं कुठे. कुणी उत्तर दिलं नाही, म्हणून थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. औषधवाला वैतागून म्हणाला, झालं ना एकदा विचारून! बाई म्हणाल्या, उत्तर कुठे झालंय? मग पहारेकऱ्याच्या आवाजात मास्तरांनी सगळ्यांना सोडून नेमकं ढोल्यालाच विचारलं, तुम्ही कोण. बाईंनी विचार केला. खूप वेळ केला. मग म्हणाल्या, "आम्ही व्यापारी आहोत, असं सांगायचं ठरलंय."

सगळे हसले. बाईसुद्धा हसल्या, कारण ते खरंच हसण्यासारखं होतं. पण पुढे ढोल्या चिडला. तुम्ही मला खोटं बोलायला लावलंत आणि वर हसलात, असं म्हणून तो भिंतीला पाठ लावून बसला. आता आली का पंचाईत! पहारेकऱ्याने खाली सोडून दिलेला तो जड दरवाजा उचलण्याचं बळ दुसऱ्या कुणात नव्हतं. चिमटीने थापा मारून पाहिल्या, चष्मेवाल्याच्या शिपायाने दरडावून पाहिलं. ढोल्या हलेना. शेवटी चष्मेवालाच कंटाळून म्हणाला की झोपायची सोय आत तबेल्यात आहे, गवत कोरडं आहे. तेव्हा ढोल्या उठला आणि दरवाजा उचलला.

"बुद्धी चार असताना एवढा विचार?" औषधवाला पुटपुटला.

बाई म्हणाल्या, विचार कमी नसतो, सावकाश असतो.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण शहाणी माणसं थांबतात थोडीच! मास्तरांचे डोळे भरून आले. दादाकडे बघत, किती निरागस, किती निर्मळ, असं काहीतरी ते म्हणू लागले. चष्मेवाल्याने टाळ्या वाजवल्या. निरागस म्हणे! कालच त्या निर्मळ माणसाने बिस्किटांचा अख्खा पुडा संपवून रिकामं वेष्टण बाईंच्या उशीखाली दडवलं होतं. आधी लाळ लावत होते, आता साखर लावायला निघाले. दोन्ही चिकटच. आणि औषधवाल्याने तर कडीच केली. दादाकडे वळून, लहान मुलाशी बोलावं तसा आवाज काढून विचारलं, "काय दादा, जमलं का बाईंना? अगदी तुझ्यासारखा झाला ना ढोल्या?"

दादाने हनुवटी खाजवली. बाईंनी डोळ्यांनीच सगळ्यांना दटावलं, खबरदार कुणी मध्ये बोललं तर. सगळे थांबले. अवघडून, पण थांबले.

"मी ढोल्या नाही," दादा म्हणाला. "मला... चोर व्हायचंय."

कागद आला. दादाने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी फासे टाकले. बळ आलं सहा. बुद्धी आली सोळा. औषधवाल्याला राहवलं नाही, सोळा म्हणे, आणि हा खेळणार कसा, असं तो हसत म्हणून गेला.

"तुम्ही चार खेळलात तसाच," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी घसा साफ केला आणि गोष्ट पुढे नेली. दादाच्या चोराने पहिल्याच झटक्यात किल्लेदाराचं जेवण पळवलं आणि विचारलं तेव्हा मांजराने खाल्लं म्हणून सांगितलं. मास्तरांनी फासा टाकायला लावला, फासा चांगला पडला आणि किल्लेदाराने विश्वास ठेवला. दादाचा चेहरा असा फुलला की विचारू नका. मास्तर म्हणाले, दादा, एक बटण घे. दादाने स्वतःसाठी बटण निवडायला इतका वेळ लावला की चहा निवला. औषधवाला त्या दिवशी लवकर उठून गेला. जाताना आपला बटणांचा ढीग टेबलावरच विसरला, की सोडून गेला, कोण जाणे.

बाईंना वाटलं, निघाला डाग. संध्याकाळी त्या गाणं गुणगुणत भांडी घासत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेच हसरं गिऱ्हाईक कपडे न्यायला आलं. या वेळी घाईत होतं. दादाने तोंड उघडलं, माणसाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि बाईंना स्पष्ट दिसलं की जीभ बाहेर यायच्या बेतात आहे. त्या पुढे झाल्या. गिऱ्हाइकाने गाठोड्याला हात घातला होता, बाईंनी दुसऱ्या बाजूने ते धरलं.

"त्याचं बोलणं व्हायचंय," त्या म्हणाल्या.

गिऱ्हाईक गोंधळलं. ओढून पाहिलं. बाईंची पकड म्हणजे ओल्या चादरी पिळून घट्ट झालेली, ती काय सुटते. मग ते नाइलाजाने उभं राहिलं. दादाने हनुवटी खाजवली.

"तुमच्या शर्टाचं... तिसरं बटण," तो म्हणाला. "गेलं होतं. मी लावलं. पांढरं... नव्हतं. दुधी लावलं."

त्याच्याच आवाजात, त्याच्याच थांबण्यांसकट. गिऱ्हाईक "बरं" म्हणालं, बाईंनी हात सोडला, ते गाठोडं घेऊन चालतं झालं. हसणं नाही, आभार नाहीत, काही नाही.

दादाचा हात डब्याकडे गेला आणि मध्येच थांबला.

"तो हसला नाही," तो म्हणाला.

बाई म्हणाल्या, नाही हसला, पण शेवटपर्यंत थांबला ना? घे बटण, तुझं आहे.

दादा विचारात पडला. बाई थांबल्या. डब्यात बोट फिरवून त्याने एक बटण काढलं, मोठं, कोटाचं, चार भोकांचं. ते बाईंच्या हातावर ठेवलं.

"तू धरून ठेवलंस," तो म्हणाला, "म्हणून थांबला."

बाईंनी मूठ मिटली. तेवढ्यात दारात पुढचं गिऱ्हाईक आलं, पावती पुढे केली आणि दादाच्या डोक्यावरून बाईंकडे बघायला लागलं. बाईंनी बटण खिशात टाकलं, फळीवरून त्याचं गाठोडं काढून काउंटरवर ठेवलं, आणि दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या.